मडगावचा मुलगा आणि मुंबईचे विद्यापीठ

डिचोलीच्या बाजारात सकाळी भाजी-पाव खायला जमणारी चार-पाच वयस्क मंडळी आहेत. राजकारण संपले की त्यांची गाडी क्रिकेटवर येते, आणि क्रिकेटवर आली की दिलीप सरदेसाईंवर. त्यांच्यापैकी एकानेही सरदेसाईंना प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले नाही. १९७१ साली वेस्ट इंडीजमधल्या धावसंख्या त्यांनी शिळ्या वर्तमानपत्रात वाचल्या, एवढाच काय तो संबंध. पण किंग्स्टनच्या डावाचे वर्णन असे करतात, की जणू साबिना पार्कच्या कुंपणावर बसून पाहिला! नाव घेतानाही ‘आमचो दिलीप’ असेच घेतात. मी त्यांच्याहून धाकटा. तेव्हा पाळण्यातून नुकताच बाहेर पडलो होतो.

एकदा मी सहज विचारले, “काका, सरदेसाई गोव्याकडून कधी खेळले हो?”

मंडळी गप्प झाली. मग त्यांच्यातले सर्वांत वडीलधारे म्हणाले, “तेन्ना गोंयाची टीम खंय आशिल्ली?”

खरे आहे. रणजी करंडकात गोव्याचा संघ उतरला १९८५-८६ च्या हंगामात. सरदेसाईंनी त्याआधी बारा वर्षे बॅट खाली ठेवली होती. भारताकडून कसोटी खेळलेला गोव्यात जन्मलेला हा एकमेव खेळाडू. पण गोव्याकडून तो एकही सामना खेळला नाही. त्याला घडवले ते मुंबईने, आणि त्यातही विद्यापीठाच्या क्रिकेटने. आपल्या सीमाभागातील वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. ‘शिक्षणासाठी बाहेर जाणे’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत आहे.

सरदेसाई ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावात जन्मले. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात लिसेव होते, वैद्यकीय विद्यालय होते. पण ज्याला आपण कॉलेज म्हणतो, ते नव्हते. ऐपत असणाऱ्यांची मुले बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठत. नव्या काबिजातींत, म्हणजे आमच्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडे, मराठी शाळा शिकून मुलगा मुंबईच्या काकाकडे किंवा मामाकडे जाई. खेळाचेही तसेच. १८८३ साली शिवोलीला एका पाद्रीबाबाने फुटबॉल आणला, तो किनारपट्टीत रुजला. क्रिकेटचे वेड आमच्याकडे बरेचसे मुंबईच्या चाकरमान्यांच्या ट्रंकेतून आले, असे माझे मत आहे. कागदोपत्री पुरावा मागाल तर नाही देता येणार.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वेही थांबली. माणसांना परवान्याशिवाय इकडून तिकडे जाता येईना. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी मी मुलांची सहल दरवर्षी नेतो. तिथे उभे राहून त्यांना सांगतो, की अशा दिवसांत, १९५७ साली, मडगावचा सतरा वर्षांचा एक मुलगा मुंबईला आला. मडगावात त्याला धड क्रिकेटही मिळाले नव्हते. मुंबईत मन्या नाईक या प्रशिक्षकांनी त्याचा हात ओळखला.

दोनच वर्षांत तो मुंबई विद्यापीठाच्या संघात होता. आंतरविद्यापीठ स्पर्धेचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासून चालत आलेला. त्या काळी या सामन्यांना कॉलेजची पोरे वर्ग बुडवून गर्दी करीत आणि निवड समितीची माणसे तिथे डोळे लावून बसत. १९५९-६० च्या स्पर्धेत सरदेसाईंनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्या हंगामात पाकिस्तानचा संघ आला, तेव्हा पुण्याला भारतीय विद्यापीठांच्या संघाकडून ८७ धावा, आणि लगेच बंगळूरला क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांच्या संघाकडून नाबाद १०६. १ डिसेंबर १९६१ रोजी कानपूरला इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले.

तारीख पुन्हा वाचा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबरला. भारताची टोपी घालून तो मैदानात उतरला, तेव्हा त्याच्या मडगावावर अजून पोर्तुगालचा झेंडा होता. बाजारातल्या मंडळींना मी हे सांगितले, तेव्हा एकाने पाव खाली ठेवला.

कॉलेजने घडवलेले ते एकटेच नव्हेत. अजित वाडेकर एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकत होते. बाळू गुप्ते यांनी बसमध्ये त्यांना बारावा गडी म्हणून येतोस का, असे विचारले. भत्ता तीन रुपये. त्या तीन रुपयांपासून भारताचे कर्णधारपद सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही. सुनील गावसकर झेवियर्सचे. घराणे मूळचे वेंगुर्ल्याकडचे, म्हणजे तेरेखोलची खाडी ओलांडली की आमचे शेजारीच.

हे तिघे १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर एकत्र होते. सरदेसाई त्याआधी दोन-तीन वर्षे संघाबाहेर होते. वाडेकरांच्या आग्रहामुळे त्यांना जागा मिळाली. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारत ५ बाद ७५. तिथून सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांबरोबर १३७ धावा जोडल्या, स्वतः २१२ केल्या, आणि भारत ३८७ वर पोचला. वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला. पहिला दिवस पावसात गेल्याने सामना चार दिवसांचा ठरला होता, त्यामुळे १५० ची आघाडी फॉलोऑनसाठी पुरेशी होती. वाडेकरांनी सोबर्सना तसे जाऊन सांगितले. हा प्रसंग आमच्या बाजारात महिन्यातून दोनदा तरी साभिनय होतो. वाडेकर कोण व सोबर्स कोण हे आधीच ठरलेले असते.

पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाईंच्या ११२ आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिलावहिला विजय. ब्रिजटाउनला ६ बाद ७० वरून १५०. मालिकेत ६४२ धावा. गावसकरांच्या ७७४ धावांपुढे लोक त्या विसरतात, हे आमच्या मंडळींचे दुःख आहे. त्रिनिदादच्या लोकांनी मात्र त्यांना ‘सरदी मॅन’ असे लाडके नाव दिले. त्याच वर्षी ओव्हलच्या विजयातही त्यांच्या ५४ आणि ४० धावा होत्या.

पुढे काय? १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यानंतर ते थांबले. तेरा हंगामांत ते खेळले तो एकही रणजी सामना मुंबई हरली नाही. तीस कसोटींत २००१ धावा. मुंबईतच राहिले, २ जुलै २००७ रोजी तिथेच वारले. मुलगा राजदीप पत्रकार झाला. तोही ऑक्सफर्ड विद्यापीठाकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला होता. म्हणजे विद्यापीठाचा संघ त्या घरात दोन पिढ्या टिकला.

गोव्यात कॉलेजे आली ती १९६२ साली, पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले. ती १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. म्हणजे आमच्या मुलाला विद्यापीठाच्या संघात यायचे तर दादर-माटुंग्याच्या पोरांशी टक्कर. नंतर गोवा विद्यापीठ झाले. आता साखळीला, विर्नोड्याला, डिचोलीला कॉलेज आहे. पत्रादेवी ओलांडायची गरज नाही.

त्या कॉलेजांतून खेळलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे कुणी लिहून ठेवलेले मला आढळले नाही. माझ्याच शाळेच्या कपाटात ढाली आहेत. त्यांवर साल आहे, शाळेचे नाव आहे. मुलांची नावे नाहीत.

एक नाव मला आठवते. ते इथे लिहीत नाही. मी पेडण्यात साधा शिक्षक असताना तो अकरावीत होता. डावखुरा फिरकी गोलंदाज. शिबिरासाठी निवड झाली, तेव्हा त्याचे वडील विचारायला आले, “मास्तर, धाडूं?” मी म्हणालो, “बारावी एकदाच येते, क्रिकेट काय, नंतरही खेळता येईल.” माणूस माझ्या शब्दाबाहेरचा नव्हता. मुलगा बारावी झाला, बेताच्या गुणांनी. तुये वसाहतीतल्या एका कारखान्यात बरीच वर्षे होता.

गेल्या वर्षी मोपा विमानतळावरून रात्री घरी यायला टॅक्सी केली, तर चालक तोच. डिचोलीपर्यंत तो सरदेसाईंविषयीच बोलला. किंग्स्टनच्या धावा त्याला माझ्याहून चोख पाठ होत्या. मी शिबिराचा विषय काढला नाही, त्यानेही नाही. उतरताना पैसे घेईना. मी बळेच दिले.

“सर, माझो चलो सातवीत आसा. डाव्या हातान टाकता. फुडल्या वर्सा तुमच्या शाळेंत घालतां. ग्राउंड आसा मरे अजून?”

मी म्हटले, आहे. निम्मे नव्या इमारतीत गेले आहे, तेही सांगितले.