आठवण नेमकी कुठे असते?

मंडळी, सुरुवात आपल्या पुण्याच्याच एका आकड्यापासून करू. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी शहरातल्या पाच प्रभागांत १,६६४ लोकांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्के लोकांत करोनाविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, सापडली. लोहियानगर-कासेवाडीत तर ६५.४ टक्के! तेव्हापासून अँटिबॉडी हा शब्द आपल्या कट्ट्यांवर आला.

पुढच्या वर्षी लसीचे दोन डोस झाल्यावर मीही हौसेनं त्या मोजून घेतल्या. सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्या, तर आकडा निम्म्यावर. मी दोन आठवडे घराबाहेर पडलो नाही. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही तऱ्हा! चूक साधी होती. अँटिबॉडी म्हणजेच शरीराची आठवण, असं मी धरून चाललो होतो.

या अँटिबॉडी तयार कोण करतं, याचा धागा सापडला तो कोंबड्यांमुळे. अमेरिकेत ब्रूस ग्लिक हे कोंबडीच्या शेपटीजवळच्या 'बर्सा' नावाच्या पिशवीचा अभ्यास करत होते. ती काढून टाकलेल्या कोंबड्यांना एका प्रात्यक्षिकासाठी जंतू टोचले, तर बहुतेकींत अँटिबॉडी तयारच होईनात. हा निबंध एका नामवंत नियतकालिकानं परत पाठवला. शेवटी १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. बर्साचा 'बी', म्हणून बी पेशी. माणसाला बर्सा नसतो, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. नशीब, इंग्रजीत 'बोन मॅरो'चंही आद्याक्षर तेच!

लगोलग १९५७ मध्ये बर्नेट यांनी मांडलं, की जंतू येण्याआधीच शरीरात वेगवेगळ्या घडणीच्या पेशी तयार असतात. ज्या पेशीशी जंतू जुळतो, तीच फोफावते. तिच्या वंशातल्या काही पेशी अँटिबॉडींचे कारखाने होतात. त्यातले बरेचसे लवकर मरतात, म्हणून आकडा उतरतो. थोडे अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं तग धरतात. आणि काही पेशी अँटिबॉडी न सोडता नुसत्या थांबून राहतात. त्या स्मृतिपेशी.

इथे मला आपले नैयायिक आठवतात. त्यांच्या मते अनुभव संपतो, मागे संस्कार उरतो. तो दिसत नाही. उद्बोधक भेटला की जागा होतो आणि स्मरण घडतं. प्रयोगशाळेनं मोजलं ते स्मरण. संस्कार होता स्मृतिपेशींत, आणि उद्बोधक म्हणजे पुन्हा आलेला विषाणू किंवा पुढचा डोस. विषाणू फारच रूप बदलून आला तर ओळख पटायला अडचण येते, तो भाग वेगळा.

किती काळ टिकतो हा संस्कार? १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे मुंबई बंदरातून शिरली आणि गावंच्या गावं ओस पाडून गेली. त्या साथीच्या काळात लहान असलेल्या, अभ्यासाच्या वेळी ९१ ते १०१ वर्षांच्या ३२ अमेरिकन माणसांवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या आठ जणांच्या बी पेशी तपासल्या, तर सात जणांत १९१८ च्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी अजून फिरत होत्या. नव्वद वर्षांनी!