मातृसंगोपन, जनुकनियमन आणि मराठवाड्यातील आपत्ती

स्वभाव जन्मतः ठरतो की संगोपनाने घडतो, हा वाद जुना आहे. जनुके व परिस्थिती यांच्या परस्परक्रियेतून देह कसा घडतो याच्या अभ्यासास कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये ‘एपिजेनेटिक्स’ ही संज्ञा दिली. पुढे तिचा अर्थ काटेकोर झाला. डीएनएमधील मजकूर तोच राहतो. परंतु त्यास जोडले जाणारे मिथिल गट, किंवा तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांतील फेरफार, यांमुळे जनुकाचे कार्य वाढते वा मंदावते. हेच अधिजनुकीय नियमन होय.

या नियमनाचा वर्तनाशी असलेला संबंध मॉन्ट्रिअल येथील मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोठ्या जातीच्या उंदरांत दाखविला. ज्या माद्या पिलांना पहिल्या आठवड्यात पुष्कळ चाटतात, त्यांची पिले पुढे कमी भित्री निघतात; ताणास प्रतिसाद देणाऱ्या एका जनुकावरील मिथिल गटही त्यांच्या मेंदूत कमी आढळतात. पिलांची अदलाबदल केली असता त्यांचे गुण जन्मदात्रीप्रमाणे नव्हे, तर वाढविणाऱ्या मादीप्रमाणे आले. म्युनिक येथे २००९ मध्ये लहान जातीच्या उंदरांची पिले पहिले १० दिवस रोज ३ तास आईपासून दूर ठेवण्यात आली. तेथेही ताणाचा परिणाम वर्तनात व जनुकनियमनात दीर्घकाळ टिकला.

मराठवाड्याच्या इतिहासाभ्यासकास हे निष्कर्ष मोहात पाडणारे आहेत. १९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात सुमारे १०,००० बळी घेणारा भूकंप, या आपत्ती येथील माणसांच्या रक्तातच उतरल्या, असे विधान सहज सुचते. तथापि ते वरील प्रयोगांतून निघत नाही. मॉन्ट्रिअल येथील खूण आईच्या वागणुकीने प्रत्येक पिढीत नव्याने उमटते. औषधाने ती प्रौढपणीही पालटता आली. किंबहुना हा पुरावा जन्मसिद्धतेच्या विरोधात जातो.

याची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. पुणे व ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांच्या वंशजांना पुढे दोन पिढ्या पुरेसा आहार दिला, तरी त्यांच्या चयापचयातील बिघाड नाहीसा झाला नाही. परंतु तेथे वर्तन तपासलेले नव्हते. आणि अखंड ५० पिढ्यांची उपासमार व एखादा दुष्काळ ही एका मापाने मोजता येत नाहीत.

प्रयोगशाळेत एकच घटक बदलता येतो. किल्लारीच्या बालकांबाबत मातृवियोग, जखमा, पुनर्वसन, शाळा व मदत हे सर्व एकत्र आले. शिवाय जिवंत माणसाच्या मेंदूतील पेशी सहसा तपासता येत नाहीत; रक्तातील खुणा हा अप्रत्यक्ष पुरावा ठरतो.

भूकंपाच्या वेळी जी बालके कुशीत होती, ती आज तिशी ओलांडून स्वतः आईबाप झाली आहेत. भूकंपानंतर वर्षभराने, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात आहे. जन्मनोंदी, शाळांचे दाखले व पुनर्वसनाची कागदपत्रे जपून त्यांची मांडणी करणे हे इतिहासाचे काम. जीवशास्त्राचा प्रश्न त्यानंतरच नीट विचारता येईल. एखाद्या प्रदेशातील माणसांवर कायमच्या दुर्बलतेचा शिक्का मारण्यापूर्वी, त्यांना वाढविणारी परिस्थिती तपासली पाहिजे, एवढा धडा उंदरांच्या पिंजऱ्यातून निश्चित मिळतो.