पोवाड्यात दुःख कुठून आलं

पोवाडा जन्मला तो पराक्रमाचं कौतुक करायला. लढाईत मेलेल्याची आठवण ठेवणं हे त्याआधी दगडाचं काम होतं. अहिल्यानगर जिल्ह्यात जुन्या देवळांच्या आवारात असे स्मारकदगड, म्हणजे वीरगळ, दिसतात. खालच्या चौकटीत बहुधा पडलेला वीर, वर झुंज, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढून मेलेल्या साध्या माणसालाही हा मान मिळे. नाव मात्र क्वचितच कोरलेलं. पुढच्या पिढ्यांनी कित्येकांना शेंदूर फासून देवच करून टाकलं.

पोवाड्याने नावं आणली, पण सरदारांची. अज्ञानदासाच्या अफजलखानवधाच्या पोवाड्यात विजयाचाच डफ घुमतो. तुळशीदासाच्या सिंहगडच्या पोवाड्यात मात्र तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची गडबड भरपूर रंगवली आहे, आणि मग १६७० च्या त्या रात्री तानाजी पडतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गडाबरोबर लग्नघरही येतं. दुःख पोवाड्यात शिरलं ते या दाराने, असं मला वाटतं.

संगमनेरच्या अनंत घोलपाला, म्हणजे अनंत फंदीला (१७४४–१८१९), दोन्ही सूर लावावे लागले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला, आजच्या जामखेड तालुक्यात, मराठ्यांनी निजामाला गाठलं. रात्री त्याची फौज बिथरली आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला. रणात माणसं तशी थोडीच पडली. फंदीने त्या विजयाचा पोवाडा गायला. त्याच वर्षी ऑक्टोबरात एकवीस वर्षांचे पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले, आणि फंदीने ‘माधवनिधन’ रचलं. रणात पडली त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं मेली ती नंतर. पेशवाईच्या भांडणात होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, पाऊसही हुकला आणि १८०३-०४ मध्ये नगर भागात भीषण दुष्काळ पडला.

१८९१ मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी शाहिरांच्या तोंडचे पोवाडे जमवून छापले, म्हणून आज ते वाचता तरी येतात. शाहिरामागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांची साथ अर्थातच कागदावर उतरली नाही. संग्रहाचं नाव होतं ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’. गुरांसाठी मेलेला वीरगळावरचा माणूस त्या नावात कुठे बसणार?