दानसेखवा

* दानसेखवा : लेखकाने येथे ‘कोरियाची पांढरी चित्रे’ असा ओझरता उल्लेख केला आहे, तेवढ्याने गैरसमज होण्याचा संभव आहे. १९७०च्या दशकात दक्षिण कोरियात रुजलेली ही एकरंगी अमूर्त चित्रकला. तिला जाहीरनामा नव्हता, संघटना नव्हती. १९७५ साली टोकियो गॅलरीत पाच कोरियन चित्रकारांचे पांढऱ्या रंगाभोवती गुंफलेले प्रदर्शन भरले, तेव्हा तिच्याकडे देशाबाहेर लक्ष गेले.

तिच्यात रंगापेक्षा हाताची कृती पाहावी. पार्क सोबो ओल्या पांढऱ्या तैलरंगात पेन्सिलीच्या रेघा ओढत, त्या पुसून पुन्हा ओढत. हा जोंगह्यून (‘हा’ हे आडनाव) गोणपाटाच्या मागच्या बाजूने रंग दाबत. तो विणीतून पुढे उमटे. चुंग सांगह्वा वाळलेला थर घड्या घालून तडकवत, त्याच्या खपल्या काढून रिकाम्या जागा पुन्हा भरत.

राष्ट्राध्यक्ष पार्क चुंगही यांच्या हुकूमशाहीत हे चित्रकार गप्प राहिले, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. सरसकट सर्वांना तो लावणे प्रस्तुत संपादकाला अन्यायाचे वाटते. युन ह्योंगगुन शाळेत शिकवत असताना गैरमार्गाने दिलेल्या एका शाळाप्रवेशाविरुद्ध बोलले आणि १९७३ साली तुरुंगात गेले. सुटल्यावर त्यांनी चमकदार रंग सोडले. निळा व मातकट तपकिरी टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ते कोऱ्या कापडावर जवळजवळ काळे, उभे पट्टे ओढू लागले. १९८० साली ग्वांगजू शहरात लष्कराने केलेल्या हत्याकांडानंतर त्यांच्या चित्रांतले हे पट्टे कलले, एकमेकांवर कोसळले. — संपा.