मुदत आणि ऋण

गेल्या सुटींत मुरुडास गेलों असतां एका वृद्ध शेजाऱ्यानें एक पिवळें पडलेलें खत माझ्यापुढें ठेविलें व विचारलें, “अण्णा, वडिलांचें हें देणें अजून लागतें का हो?” प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर आपल्या प्रांतानें दोन प्रकारें दिलेलें आहे.

पहिलें उत्तर शोधण्यास गांवाबाहेर जावयास नको. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म १८३३ मध्यें मुरुडासच झाला. मुंबईस वकिली करीत असतां त्यांनीं व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति यांचें इंग्रजी भाषांतर १८८० मध्यें प्रसिद्ध केलें. याज्ञवल्क्य ऋणाची मर्यादा वर्षांनीं मोजीत नाहीं, पिढ्यांनीं मोजतो. लेखी ऋण तीन पुरुषांनीं फेडावें. मद्य व द्यूत यांपायीं झालेलें मात्र पुत्रावर नाहीं. फेडीची रक्कम खताच्या पाठीवर लिहावी, आणि फिटल्यावर खत फाडावें. याला जोड होती दामदुपटाची : एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज घेतां येत नसे.

दुसरें उत्तर इंग्रजी कायद्याचें. १८५९ च्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतु चांगला होता. साक्षीदार मरतात, कागद हरवतात. जुन्या मागण्यांची टांगती तलवार ऋणकोच्या डोक्यावर कायमची नसावी. पण दक्षिणेंत परिणाम उलटा झाला. मुदत भरत आली कीं सावकार कुणब्यास बोलावी व नवें खत लिहून घेई. मुद्दल व व्याज मिळून नवें मुद्दल होई, आणि दामदुपटाचा बांध आपोआप फुटे. व्याजाच्या दरावरील निर्बंध तर १८५५ मध्येंच उठला होता. जें कुंपण ऋणकोसाठीं घातलें, त्यानेंच त्याचें शेत खाल्लें.

१२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला व पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. खतें व हुकूमनामे जाळण्यांत आले. पुढें १८७९ च्या कायद्यानें कोर्टास खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि ऋणकोच्या हितासाठींच मुदत कमी न करतां वाढविली!

आजचा कायदा १९६३ चा आहे. साध्या कर्जास सामान्यतः तीन वर्षें. पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीस बारा. परंतु मुदत संपल्यानें ऋण मरत नाहीं, दाव्याची वाट तेवढी बंद होते. मुंबईच्याच एका खटल्यांत १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें स्पष्ट केलें. मुदतीच्या आंत लेखी कबुली दिली तर काळ नव्यानें मोजला जातो. मुदतीनंतरही सहीनिशीं लेखी वचन दिलें, तर १८७२ च्या कराराच्या कायद्यान्वयें तें बंधनकारक होतें.

शेजाऱ्यास मीं म्हटलें, “कोर्टाचें उत्तर वकिलास विचारा, वडिलांचें उत्तर स्वतःच्या मनास विचारा. पण तोंवर कोणत्याही कागदावर सही करूं नका.” सुप्याच्या कुणब्यास हें कोणी वेळेवर सांगितलें नव्हतें.