लोखंड्यांची पाचवी मागणी

नारपोलीत यंत्रमागांचा खडखडाट अजून थांबलेला नाही आणि भिवंडीच्या आसमंतात ऑनलाइन मालाची गोडाऊने उभी राहिली आहेत. मागावरून धोटा उडून कामगाराचा डोळा गेला, तर भरपाई कोणी द्यायची हे कायद्याने ठरवून ठेवले आहे. पण गोडाऊनमधल्या एखाद्या संगणकप्रणालीने कामगाराला ‘संथ’ ठरवले आणि त्याचे काम गेले, तर? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निर्णयाला जबाबदार कोण, हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. मुंबईत तो १८८४ सालीच विचारला गेला होता. तेव्हा यंत्र गिरणीचे होते, एवढाच फरक.

२३ सप्टेंबर १८८४. ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. तिथे ठरलेल्या मागण्यांचे निवेदन सुमारे ५,५०० कामगारांच्या वतीने सरकारच्या कारखाना आयोगाकडे गेले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक असते. पाचवीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत पुढची होती : कामावर जबर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

या मागणीत चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. त्या काळी हे विलक्षण होते. १८८१च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले होते; पण १८५५च्या कायद्यानुसार मृताच्या वारसांना दुसऱ्याची चूक किंवा हयगय सिद्ध करावी लागे. मालक यंत्राकडे बोट दाखवी, नाहीतर कामगाराच्या निष्काळजीपणाकडे. (इंग्लंडमध्ये तर १८४६ पर्यंत मृत्यूस कारण ठरलेली वस्तूच दोषी मानून जप्त करण्याची प्रथा होती!)

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हे उलटवले. कलम ३ : इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, तर काही अपवाद वगळता मालक जबाबदार, त्याची हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. कलम १२ आणखी धूर्त होते. कामगार ठेकेदाराचा असला तरी भरपाई मूळ मालकाने द्यायची. ठेकेदाराकडून वसूल करायची असेल तर ती त्याने नंतर करावी.

आता २०२५. प्राप्तिकराच्या एका आदेशात उद्धृत केलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नसल्याचे मुंबई उच्च न्यायालयाला आढळले. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि बजावले की यंत्रणेने पुढे ठेवलेले निष्कर्ष पडताळल्याविना वापरता येणार नाहीत. हे प्रकरण तुलनेने सोपे होते, कारण आदेशाची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे होती. गोडाऊनमध्ये प्रणाली बनवणारा एक, ती विकत घेणारा दुसरा आणि कामगार तिसऱ्याच ठेकेदाराचा. तिथे सहीच नसते. माझ्या मते अशा साखळीसाठी नमुना शोधायला परदेशी जाण्याआधी कलम १२ वाचावे.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये, लोखंड्यांच्या हयातीतच मिळाली. भरपाईचा कायदा लागू झाला १ जुलै १९२४ रोजी. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्येच गेले होते.