प्रमाणबद्ध प्रतिकृती : साहित्य, सुटे भाग आणि जाडीचा प्रश्न

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजाहून उंच असला, तरी कोणी हरकत घेत नाही. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत मात्र ही सवलत नसते. मूळ वस्तूची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून घडविलेली वस्तू म्हणजे प्रमाणबद्ध प्रतिकृती. विमानांसाठी १:७२ व १:४८, रणगाड्यांसाठी १:३५, तर जहाजांसाठी १:३५० व १:७०० ही प्रमाणे रूढ आहेत. १:७२ या प्रमाणाचे मूळ फूट-इंचांच्या मोजमापात आहे. त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो.

ब्रिटनमधील ‘फ्रॉग’ने १९३६ साली ‘पेंग्विन’ या नावाने विमानांचे प्लास्टिक जोडसंच बाजारात आणले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे असल्याने कालांतराने वाकत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा पॉलिस्टायरिनने घेतली. हे प्लास्टिक साच्यात नेमका आकार घेते, सहज कापता-घासता येते आणि द्रावक लावताच पृष्ठभाग विरघळून दोन भाग एकजीव होतात.

जाडीचा प्रश्न

भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ सुमारे २१३ मीटर लांब होती. १:७०० प्रमाणात ती साधारण साडेतीस सेंटिमीटरची होते. येथवर अडचण नाही. परंतु डेकच्या कठड्याची सळई ४ सेंटिमीटर जाडीची धरली, तर प्रतिकृतीत ती ०.०६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ केसाइतकी, भरते. वितळलेले प्लास्टिक इतक्या अरुंद खाचेत नीट शिरत नाही; शिरलेच तर साच्यातून काढताना तुटते. म्हणून अशा संचात कठडे एक तर नसतात, किंवा असले तर कुंपणाच्या भिंतीसारखे जाड दिसतात. आकार हवा तेवढा लहान करता येतो. पण प्लास्टिकचे गुणधर्म तेच राहतात. प्रतिकृतीकाराच्या बहुतेक अडचणी या विसंगतीतून निर्माण होतात.

तिच्यावरचा प्रमुख उपाय म्हणजे कोरीव पितळ. पातळ पितळी पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन नक्षा उमटवतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडसारख्या रसायनाने खाऊन टाकतात. कठडे, शिड्या आणि रडारच्या जाळ्या अशा रीतीने तयार होतात. घडीच्या रेषा अर्ध्या खोलीपर्यंतच कोरलेल्या असतात. वाकवताना पितळ तडकत असेल, तर ते ज्योतीवर तापवून थंड होऊ द्यावे. ते मऊ पडते. तोफेची नळी किंवा डोलकाठी यांसारखे गोल भाग मात्र कोरीव पत्र्यात चपटे दिसतात. तेथे धातूची बारीक नळी, तार किंवा रेझिनचे ओतीव भाग वापरावे लागतात. रेझिनची धूळ श्वासातून आत जाणे अपायकारक आहे. म्हणून ते पाण्याने ओले ठेवून घासावे आणि तोंडावर मुखपट्टी बांधावी.

प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रावकाने पितळ चिकटत नाही; त्यासाठी सायनोॲक्रिलेट लागते. त्याच्या वाफेने विमानाच्या पारदर्शक काचेवर पांढुरका थर चढतो. काच बसवताना सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंदच वापरावा.

घरातले साहित्य

संचातील भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिला स्प्रू म्हणतात. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोड्या अंतरावर मऊ करून ताणला, की धाग्यासारखी तार निघते. ॲंटेनासाठी ती उत्तम. स्प्रूचे कपटे द्रावकात विरघळवले, तर त्याच प्लास्टिकची लुकण तयार होते आणि सांधे बुजवता येतात. विजेच्या वायरमधील तांब्याच्या तारा नळ्यांसाठी उपयोगी पडतात.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. लॅकर रंगातील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि रंग पांढुरका पडतो. असे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावे. मुद्रा-चिन्हांच्या पातळ चकत्यांखाली हवा अडकून चंदेरी छटा दिसते. त्याचे कारण बहुधा खडबडीत पृष्ठभाग हे असते. आधी चकचकीत वॉर्निशचा हात दिल्यास ती टळते.

कोणत्या वर्षाची नौका?

सर्वांत अवघड प्रश्न मात्र माहितीचा असतो. १९६१ साली नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ आयुष्यभर एकसारखी नव्हती. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून ‘सी हॉक’ विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले, तेव्हा तिच्या डेकचे पुढचे टोक सपाट होते. ‘सी हॅरियर’साठी चढती धावपट्टी बसली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. एकाच प्रतिकृतीत चढती धावपट्टी आणि ‘सी हॉक’चा १९७१ मधील ताफा दाखवला, तर कारागिरी कितीही सुबक असो, ती चुकीचीच ठरते.

ही चूक आता प्रत्यक्ष नौकेवर जाऊन तपासता येणार नाही. १९९७ साली निवृत्त झालेली ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. उरली आहेत ती छायाचित्रे, आराखडे आणि तिच्यावरून उडालेली काही विमाने. बोगमाळो येथील नौदल विमानन संग्रहालयात ‘सी हॉक’, ‘अलिझे’ आणि ‘सी हॅरियर’ ही विमाने जवळून पाहता येतात. १:७०० प्रमाणात ‘सी हॉक’ जेमतेम १७ मिलिमीटरचे होते आणि त्यावरचे बहुतेक तपशील गाळावेच लागतात. तरीही काय गाळायचे हे ठरवण्यासाठी मूळ विमान एकदा डोळ्यांखालून घालावे. पहिला भाग चौकटीपासून कापण्यापूर्वी वर्ष निश्चित करावे, त्या वर्षाची छायाचित्रे जमवावीत आणि मगच पितळेला हात लावावा.